मदत हवी आहे: मूलपेशींच्या एक्सोसोममुळे ७८६-ओ पेशींचं स्थलांतर वाढतं, पण पीटीईएनची पट्टीच दिसत नाही

मूत्रपिंडाच्या क्लिअर सेल कर्करोगात सीडी१०३ (पेशीच्या पृष्ठभागावरचं एक प्रोटीन) असलेल्या कर्कमूलपेशींचे एक्सोसोम (पेशीतून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म पुटिका) मिर-१९बी-३पी हा मायक्रोआरएनए (जनुकांना दाबणारा छोटा आरएनए) इतर पेशींत पोचवतात. तो पीटीईएन (गाठ रोखणारं प्रोटीन) दाबतो, ईएमटी (पेशी एकमेकींना सोडून फिरत्या होण्याचा बदल) सुरू होते आणि फुफ्फुसात प्रसार वाढतो, असं काम २०१९ साली प्रसिद्ध झालं. हीच साखळी तपासतो आहोत.

पद्धत अशी: मूलपेशी सिरमविना स्फिअर मीडियात (बी२७ हे पूरक मिश्रण, शिवाय ईजीएफ आणि बीएफजीएफ हे वाढीचे घटक प्रत्येकी २० नॅनोग्रॅम/मिली). मीडिया सेंट्रिफ्यूजमध्ये ३०० जीला (गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पट) १० मिनिटं, २,००० जीला २० मिनिटं, १०,००० जीला ३० मिनिटं, ०.२२ मायक्रॉनचा फिल्टर, शेवटी १,००,००० जीला ७० मिनिटं. पेलेट (तळाशी बसलेला साका) थेट पीबीएसमध्ये (क्षारांचं बफर) घेऊन प्रोटीनच्या वजनावरून ७८६-ओ या मूत्रपिंड-कर्कपेशींना दिला. कंट्रोलला नुसतं पीबीएस. ८ मायक्रॉन छिद्रांच्या ट्रान्सवेल पडद्यातून जाणाऱ्या पेशी वाढतात, व्हिमेंटिनही (ईएमटीची खूण) वाढतं. वेस्टर्न ब्लॉटवर (अँटिबॉडीने प्रोटीन ओळखण्याची चाचणी) पीटीईएनची पट्टी मात्र कंट्रोलमध्येसुद्धा नाही. अँटिबॉडी बदलूनही तेच. कुठे बघावं?

प्रतिसाद १

अँटिबॉडीला दोष देऊ नका. ७८६-ओमध्ये व्हीएचएल हे गाठ रोखणारं जनुक निकामी असतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण तिच्या पीटीईएन जनुकातही प्रोटीन अर्ध्यात तोडणारं उत्परिवर्तन आहे. आडातच नाही, ते पोहऱ्यात कुठून येणार? या प्रश्नासाठी एसीएचएन किंवा काकी-१ या मूत्रपिंड-कर्कपेशी घ्या. आधी एक्सोसोम न देता पट्टी दिसते का ते बघा, शेजारच्या लेनमध्ये एचईके२९३ पेशींचा लायसेट (पेशी फोडून काढलेला अर्क) ठेवा. पीटीईएन घटलं तर एकेटीचं (पीटीईएन ज्याला आवरतं ते प्रोटीन) सेरिन ४७३वरचं फॉस्फोरिलेशन वाढायला हवं, तेही त्याच ब्लॉटवर तपासा.

७८६-ओ टाकून मात्र देऊ नका. तिथे पीटीईएन नसतानाही स्थलांतर वाढतंय, म्हणजे निदान त्या पेशींत तरी कारण दुसरं आहे. तुमच्या प्रयोगातली सर्वांत बोलकी गोष्ट मला हीच वाटते.

प्रतिसाद २

ते दुसरं कारण तुमच्या मीडियातच असू शकतं. पेलेट धुतलेला नाही, त्यामुळे ईजीएफ आणि बीएफजीएफ त्यासोबत येतात, आणि ईजीएफ एकटासुद्धा पेशी हलवतो. नुसतं पीबीएस हे इथे कंट्रोलच नव्हे. ज्यात पेशी वाढवल्याच नाहीत असा कोरा स्फिअर मीडिया तितकाच वेळ इन्क्युबेटरमध्ये ठेवा, त्याच सर्व पायऱ्यांतून न्या आणि त्याचा 'पेलेट' तेवढ्याच आकारमानात द्या. दुसरा कंट्रोल त्याच गाठीतल्या सीडी१०३ नसलेल्या पेशींच्या एक्सोसोमचा.

पेलेट भरपूर पीबीएसमध्ये घेऊन पुन्हा १,००,००० जीला ७० मिनिटं फिरवा, किंवा साइझ एक्सक्लूजन (आकारानुसार कण वेगळे करणाऱ्या) कॉलममधून काढा. बी२७मध्ये अल्ब्युमिन असतं, म्हणून प्रोटीनवर मात्रा ठरवली की कण किती गेले ते कळतच नाही. एनटीएने (कणांची हालचाल टिपून ते मोजण्याची पद्धत) कण मोजा आणि दर पेशीमागे कण अशी मात्रा लिहा. दर मायक्रोग्रॅम प्रोटीनमागे ३ × १०^१० पेक्षा जास्त कण असतील तर नमुना शुद्ध धरतात. सीडी६३, सीडी८१, टीएसजी१०१ या एक्सोसोमच्या खुणा दिसायला हव्यात, कॅल्नेक्सिन (पेशीच्या आतल्या भागाची खूण) दिसता कामा नये.

धागाकर्ता

कळलं, कोरा मीडिया आणि काकी-१ दोन्ही घेतो. पुढचा प्रश्न: मिर-१९बी प्रत्येक कर्कपेशी स्वतःही बनवते. वाढलेला मिर बाहेरून आला हे दाखवायचं कसं?

प्रतिसाद ३

घेणाऱ्या पेशीत पक्व मिर-१९बी-३पी आणि त्याचा प्राय-मिर (कापून पक्व होण्याआधीचा लांब आरएनए) दोन्ही मोजा. पक्व वाढला आणि प्राय तसाच राहिला तर तो बाहेरून आल्याची शक्यता जास्त. दोन्ही वाढले तर पेशीनेच मिर-१७-९२ या (मिर-१९बी ज्यात आहे त्या) समूहाचं उत्पादन वाढवलंय. अ‍ॅक्टिनोमायसिन डी (नवा आरएनए बनणं थांबवणारं) देऊन हेच पुन्हा पडताळा.

मिर खरोखर पुटिकेच्या आत आहे का, हे वेगळं तपासावं लागतं. आधी प्रोटिनेज के (प्रोटीन तोडणारं), मग पीएमएसएफने ते थांबवा (नाहीतर ते आरएनेजच खाऊन टाकेल), मग आरएनेज (आरएनए तोडणारं). ट्रायटन (पुटिकेचा पडदा विरघळवणारं) घातलेल्या नळीत मिर नाहीसा व्हावा, न घातलेल्या नळीत टिकावा. सामान्यीकरणाला यू६ (पेशीतला आरएनए) नको. आरएनए काढताना सेल-मिर-३९ (कृमीचा मिर) ठरावीक प्रमाणात घाला. आणि घेणाऱ्या पेशींच्या मीडियात साधं गाईचं सिरम असेल तर तिथेच फसाल, कारण गाईचा आणि माणसाचा पक्व मिर-१९बी सारखाच आहे. मिर मोजणाऱ्या क्यूपीसीआर चाचणीला फरक कळत नाही.

शेवटचा पुरावा दुहेरी हवा. एक, देणाऱ्या पेशीत मिर-१९बीचा इन्हिबिटर. दोन, घेणाऱ्या पेशीत ३' यूटीआर (मिर जिथे चिकटतो तो भाग) नसलेलं पीटीईएन. त्याने ईएमटी उलटली तरच साखळी पक्की. २०१४ साली मोजलं गेलं तेव्हा बहुतेक मायक्रोआरएनएंची दर एक्सोसोममागे सरासरी एक प्रतही भरली नव्हती, म्हणून दर पेशीला किती प्रती पोचल्या याचा हिशेब जरूर मांडा.

प्रतिसाद ४

उंदरात जाणार असाल तर: पीकेएच२६ या पुटिका रंगवणाऱ्या रंगाचे स्वतःचेच कण तयार होतात आणि तेही पेशीत शिरतात, तेव्हा एक्सोसोमविना फक्त रंग हा कंट्रोल लागेल. शिरेतून दिलेल्या पुटिका बहुतांशी यकृत आणि प्लीहेत जातात. फुफ्फुसातला संकेत एकटा दाखवू नका, यकृताशी गुणोत्तर द्या. २०११ साली सीडी१०५ (पृष्ठभागावरची दुसरी खूण) असलेल्या मूत्रपिंड कर्कमूलपेशींच्या पुटिका आधी देऊन मग शिरेतून कर्कपेशी सोडल्या होत्या. फुफ्फुसात व्हीईजीएफआर१, एमएमपी२ आणि एमएमपी९ ही प्रसाराशी जोडलेली प्रोटीनं वाढली होती. तीच मांडणी घ्या आणि तुमच्या सीडी१०३ नसलेल्या पेशींच्या पुटिकांचा गट सोबत ठेवा.