शब्दचर्चा : साखर ‘पचते’ की ‘जिरते’?

गिरणाकाठ, जळगाव

नमस्कार मंडळी. मी आहारतज्ज्ञ आहे. यावल-रावेर भागातल्या गावांत मधुमेहाच्या शिबिरांत बोलायला जाते. तिथे वाटायला एक चार पानी पत्रक लिहितेय, जॉन हॉलॉझी या संशोधकाच्या कामावर. १९३३ साली व्हिएन्नात जन्मलेले हे गृहस्थ पुढे अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात आयुष्यभर एकाच गोष्टीमागे लागले होते : व्यायामाने स्नायूत नेमकं काय बदलतं? १९६७ साली त्यांनी दाखवलं की रोज पळवलेल्या उंदरांच्या स्नायूंतल्या तंतुकणिकांची (पेशीतल्या इंधन जाळणाऱ्या बारीक भट्ट्या, मायटोकॉन्ड्रिया) इंधन जाळायची ताकद जवळजवळ दुप्पट होते. पुढे त्यांचं काम साखरेकडे वळलं. स्नायू आकुंचन पावला की रक्तातली साखर आत ओढून घेतो, आणि व्यायाम थांबल्यावरही बराच वेळ त्याला थोडं इन्सुलिनही पुरतं.

हे मला गावात सांगायचंय, कारण तिथे जो तो मधुमेह पोटात शोधतो. अडलंय शब्दांत. पहिल्या मसुद्यात ‘चयापचय’ आणि ‘कंकाल पेशी’ असं लिहिलं होतं. वाचून दाखवल्यावर एक आजोबा म्हणाले, “म्हणजे पचन बिघडलंय. मग चूर्ण घेतो.” शेजारच्या बाईंना ‘कंकाल’ ऐकून सांगाडा डोळ्यांपुढे आला. कुठले शब्द वापरू?

पांझरा, धुळे

‘कंकाल पेशी’ आधी काढून टाका, ताई. तो हिंदीतून उचललेला शब्द आहे. हिंदीत पेशी म्हणजे स्नायू आणि कोशिका म्हणजे सेल. आपल्या शाळेत पेशी म्हणजे सेल. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी. ‘कंकाल पेशी’ वाचून मराठी माणूस हाडातली पेशी समजेल आणि त्यात त्याची चूक काहीच नाही.

जुनी पोथी, अमळनेर

थोडं मागे जाऊन पाहू, कारण गोंधळ आजचा नाही. सुश्रुत शरीरात ५०० पेशी आणि ९०० स्नायू मोजतो. त्याच्या लेखी पेशी म्हणजे मांसाचा गोळा, आणि स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारी चिवट दोरी, आज ज्याला अस्थिबंध किंवा कंडरा म्हणतो त्याच्या जवळचं काहीतरी. मराठीने ‘स्नायू’ मांसाच्या गोळ्याला दिला आणि रिकामी झालेली ‘पेशी’ सेलला. बंगालीत तर स्नायू म्हणजे मज्जातंतू. एकच शब्द तीन भाषांत तीन अवयवांवर जाऊन बसला. ‘मांसपेशी’ या जोडशब्दात मात्र जुना अर्थ अजून टिकून आहे.

आता ‘चयापचय’. हा ‘चया-पचय’ नाही, चय + अपचय आहे. धातू चि, म्हणजे रचणे, साठवणे. संचय त्याच घरातला. चय म्हणजे रचलं जाणं, अपचय म्हणजे मोडलं जाणं. पचनाचा धातू पच्, म्हणजे शिजवणे. दोघांचं नातं नाही. संधीमुळे मध्ये ‘पचय’ ऐकू येतं आणि कान फसतो.

गिरणाकाठ

हे मलाही आज पहिल्यांदा इतकं स्पष्ट कळलं. मीसुद्धा बोलताना ‘चया’वर थांबत होते.

पांझरा

मग गावात चय-अपचयाला काय म्हणतात? माझी आजी म्हणायची, “खायेल आंगले लागत नई.” अंगी लागणं हाच चय. आणि अपचयाला ‘झीज’ आहेच. शरीराची झीज भरून निघते, हे वाक्य शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं आहे. ‘अंगी लागणं आणि झिजणं’ एवढं म्हटलं तर चयापचय हा शब्दही नको.

मुळा-मुठा, पुणे

पत्रकात निदान एकदा तरी ‘चयापचय’ येऊ द्या. डॉक्टरांच्या कागदावर तोच असतो, आणि माणसाने तो ओळखायला हवा. एरवी पांझरांशी सहमत.

जुनी पोथी

आजोबांची बाजूही घ्यावीशी वाटते. व्युत्पत्तीने ते चुकले, पण आयुर्वेदाच्या भाषेत ‘पचन’ फक्त पोटात होत नाही. तेरा अग्नी मानले आहेत : जठराचा एक, पंचमहाभूतांचे पाच आणि शरीरातल्या सात धातूंचे (रस, रक्त, मांस वगैरे) सात. या सातांपैकी एक मांसाचा. म्हणजे मांसही आपल्यापाशी आलेलं पचवतं, अशी कल्पना जुनी आहे. साखर मांसात पचत नाही, असं आजोबा म्हणाले असते तर हॉलॉझींच्या फार जवळ आले असते. अडचण एवढीच की आज ‘पचन’ म्हटलं की हात पोटावर जातो.

गिरणाकाठ

अगदी तेच. हात पोटावरून मांडीवर न्यायचाय मला. आकडे सांगते, म्हणजे का ते कळेल. निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते चार-पाच ग्रॅम, जेमतेम एक चमचा. स्नायूंत मात्र चारशे-पाचशे ग्रॅम साठू शकते, यकृतात शंभरेक. शिरेतून इन्सुलिन आणि ग्लुकोज देऊन मोजलं तेव्हा आत घेतल्या गेलेल्या साखरेपैकी सुमारे ८० टक्के स्नायूंत गेल्याचं दिसलं. म्हणजे एवढं मोठं कोठार मांड्या-पोटऱ्यांत आहे आणि आम्ही चहातल्या चमच्यावर भांडत बसतो. (चहातली साखर चालेल असं म्हणत नाहीये, कृपया तसं कुणी वाचू नका.)

तापीपार, शिरपूर

मी शेतकरी आहे, शब्दांतलं फार कळत नाही. पण तुम्ही सांगताय त्याला आमच्याकडे ‘जिरणं’ म्हणतात. वावरमा पानी जिरस. जमीन सैल असेल, नांगरलेली असेल, तर पाऊस जिरतो. वर्षानुवर्षं न हलवलेली, दडपलेली जमीन असेल तर तेच पाणी वरून वाहून जातं, बांध फोडतं. पाऊस तेवढाच. अंगात साखर जिरत नाही म्हणून रक्तात वाहत राहते, असं म्हणा. शिरपूरकडच्या माणसाला दुसऱ्यांदा सांगावं लागणार नाही. नाले खोल करून पाणी जिरवल्यावर विहिरींना काय झालं, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

जुनी पोथी

वा! आणि हा शब्द व्युत्पत्तीनेही चोख आहे. जिरणे हे संस्कृत जॄ धातूपासून. जीर्ण, अजीर्ण त्यातलेच. अन्न जिरतं, पाणी जिरतं, रागही जिरतो. बाहेरून आलेलं आत मुरून आपलं होणं, हा अर्थ तिन्हींत आहे. ‘पचणे’ पोटाशी अडकलं, ‘जिरणे’ मोकळं राहिलं.

गिरणाकाठ

तापीपार भाऊ, तुमच्या जमिनीच्या उदाहरणाने माझं तिसरं पानही सुटलं. ‘इन्सुलिन प्रतिरोध’ला शब्द सापडत नव्हता. प्रतिरोध म्हटलं की रोगाशी लढणारी ताकद वाटते, चांगली गोष्ट वाटते. एका शिबिरात एकजण खुश होऊन म्हणालेही, “माझ्यात प्रतिरोध भरपूर आहे ना?” त्यांना परत बसवून समजावताना मला वाईट वाटलं, कारण चूक शब्दाची होती.

मुळा-मुठा

‘दाद न देणे’ घ्या. स्नायू इन्सुलिनला दाद देत नाहीत. इन्सुलिन दारात उभं राहून हाक मारतं, आतून ओ येत नाही. व्यायामाचं वेगळेपण इथेच सांगता येईल : स्नायू हलला की तो इन्सुलिनच्या हाकेची वाट न पाहता स्वतः दार उघडतो. साखर आत नेणारी जी प्रथिनं स्नायूपेशीच्या आत दडलेली असतात, ती आकुंचनानेही पृष्ठभागावर येतात. इन्सुलिनचा रस्ता अडला तरी हा रस्ता चालू असतो.

गिरणाकाठ

घेतलं. शब्दशः. शिवाय एका व्यायामाचा असर दुसऱ्या दिवसापर्यंत, कधी दोन दिवस टिकतो, मग उतरतो. म्हणून फार दिवसांची सुट्टी घेऊ नका, हेही तिथेच लिहिते.

आता शेवटचा अडसर. वयाबरोबर स्नायू कमी होतात त्याला १९८९ साली आयर्विन रोझेनबर्ग यांनी ग्रीकवरून ‘सार्कोपेनिया’ असं नाव दिलं. सार्क्स म्हणजे मांस, पेनिया म्हणजे दारिद्र्य. मराठीत?

जुनी पोथी

‘मांसक्षय’ तयार आहे. चरकाने त्याची लक्षणं दिली आहेत : नितंब, मान आणि पोट सुकणं.

पांझरा

नको हो नाना. गावात क्षय म्हणजे टीबी. ‘तुम्हाला मांसक्षय आहे’ असं सांगून पाहा, घरात वेगळी ताटवाटी निघेल.

गिरणाकाठ

आणि ‘मांस’ही जपून. माळकरी बायकांसमोर मी एकदा म्हणाले, “या वयात मांस वाढवायला हवं.” एक आजी उठून उभ्या राहिल्या. “बाई, गळ्यात माळ आहे. आमच्यात चालत नाही.” मी अंगावरचं मांस म्हणतेय हे सांगेपर्यंत निम्म्या जणींनी पदर सावरून चपला शोधल्या होत्या. तेव्हापासून मी ‘अंगावरचं’ हा शब्द कधी गाळत नाही.

तापीपार

‘पोटऱ्या वाळल्या’ म्हणतात आमच्याकडे. ‘अंग उतरलं’ पण म्हणतात.

मुळा-मुठा

‘अंग उतरणं’मध्ये एक धोका दिसतो. लोक त्याचा अर्थ वजन उतरणं असा घेतील, आणि आपल्याकडे नेमका तिथेच घोळ आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. बीएमआय एकच आकडा दाखवतो आणि आत चरबी-स्नायूंचं प्रमाण पार निराळं असतं. याज्ञिकांच्याच अभ्यासात पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची, आपली बाळं हलकी, पण तूट जास्त करून स्नायूंत, चरबी बऱ्यापैकी शाबूत. बारीक दिसणाऱ्या माणसालाही साखर का होते, याचा एक धागा इथे आहे. म्हणून वजनाशी न जोडला जाणारा शब्द हवा.

पांझरा

मग ‘पोटऱ्या वाळणं’च बरं. वजन तेवढंच राहून, पोट सुटूनही पोटऱ्या वाळतात. आणि त्या माणसाला स्वतःला बघता येतात, हात लावून.

जुनी पोथी

मान्य. माझा मांसक्षय मागे घेतो. पण एक जोड देतो, पत्रकाच्या मागच्या पानाला. प्रमेहाच्या (आयुर्वेदात मधुमेह ज्या रोगांत मोडतो, त्यांच्या) कारणांत चरकाने पहिला शब्द घातला आहे ‘आस्यासुख’, बसून राहण्याचं सुख. गूळ-दही त्यानंतर. आणि सुश्रुताने गरीब रोग्याला पादत्राण-छत्रीशिवाय शंभर योजनं चालायला किंवा विहीर खणायला सांगितलं आहे. अनवाणी मात्र आजच्या मधुमेह्याला पाठवू नका, पायाची जखम महागात पडेल.

गिरणाकाठ

‘आस्यासुख’ फार आवडला, नाना. दुसरं पान आता असं झालंय, बघा :

“भाकरी खाल्ली की रक्तात साखर येते. ती जिरते अंगावरच्या मांसात, सगळ्यात जास्त मांड्या-पोटऱ्यांत. न हललेली जमीन पाणी जिरवत नाही, तसं न हललेलं अंग साखर जिरवत नाही. ते इन्सुलिनलाही दाद देईनासं होतं. पोटऱ्या वाळल्या की साखर जिरायला जागाच उरत नाही. जेवणानंतर चाला. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारून सुरू करा, चालताना खिशात खडीसाखर ठेवा.”

तापीपार

‘साखरेची गोळी’ लिहू नका. आमचे लोक पेपरमिंट समजतील. ‘साखरेवरची गोळी’ म्हणा. बोलताना ‘साखरवरनी गोयी’.

गिरणाकाठ

बदललं. नंदुरबारकडचं कुणी आहे का इथे? पुढच्या महिन्यात धडगावला जायचंय. तिथल्या पावरा लोकांच्या पावरी बोलीत पाणी जिरण्याला काय म्हणतात, तेवढं सांगा.