वार (प्लॅसेंटा) खाली आहे, २९वा आठवडा. माहेरी जाऊ का?

रेवा_कोथरूड
रात्रीचे अडीच वाजलेत, झोप नाही म्हणून इथे लिहितेय. पहिलंच बाळंतपण. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत वार खाली दिसली, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, बहुतेकींची पुढे वर जाते. माझी नाही गेली, गर्भपिशवीच्या तोंडावरच आहे. परवा गवार निवडत बसले होते, उठले तर गाऊन लाल. दुखलं खुपलं काही नाही. ॲडमिट केलं, बाळाच्या फुप्फुसांची दोन इंजेक्शनं चोवीस तासांच्या अंतराने दिली. मी ओ निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह, म्हणून रक्तगट न जुळण्याचा त्रास होऊ नये यासाठीचं अँटी-डी इंजेक्शनही झालं. हिमोग्लोबिन ९.६. अंगावर जायचं थांबलं म्हणून घरी सोडलंय.

आता मुख्य रडगाणं. माहेर दापोलीजवळ. सातव्यात ओटी भरून न्यायचं हे आईचं कधीचं ठरलेलं, माडीवरची खोली रंगवून झाली, डिंक, अळीव भरून झाले. सासूबाई म्हणतात इथेच राहा. नवऱ्याची शिफ्ट रात्रीची. बाथरूमला उठले की आधी दिवा लावते, कपडे बघते, मगच श्वास घेते. गुलाबी नक्षीचा गाऊनसुद्धा कपाटात मागे टाकलाय, उगाच भास होतो. तुमच्यापैकी कुणी यातून गेलंय का? आणि दिवसभर आडवंच पडून राहायचं का?

चिपळूणची_माई
रेवा, मी कोकणातलीच, म्हणून स्पष्ट सांगते: यायचं नाही. ऐन पावसात ताम्हिणी नाहीतर वरंध उतरून यायचं, आणि रात्री पुन्हा लाल गेलं तर ओ निगेटिव्ह रक्ताची पिशवी शोधत कुठे धावणार? माझ्या धाकट्या जावेचं अस्संच होतं. ती हॉस्पिटलपासून रिक्षाच्या अंतरावर राहिली, आणि तिची आई तिच्याकडे येऊन राहिली. आईलाच बोलाव. पुण्याच्या स्वयंपाकघरात दोन विहिणी म्हणजे भांड्याला भांडं लागणारच, पण त्या आवाजाने तुझी रात्र तरी बरी जाईल. ओटी काय, घरात पाच बायका बोलावून भरता येते.

संतोष_नगर
आमच्या वहिनीला भिंतीला पाय लावून झोपायला सांगितलं होतं, महिन्यात वार वर गेली. करून बघा.

स्टाफनर्स_अनघा
संतोषभाऊ, वहिनी सुखरूप आहेत हे उत्तम, पण पाय वर केल्याने काही होत नाही. वार जागची हलत नसते. पिशवीचा खालचा भाग वाढत, ताणत जातो आणि त्यामुळे तोंडापासूनचं अंतर वाढतं. ज्यांची वार तोंडावरच पसरलेली असते त्यांच्यात हे कमी घडतं.

रेवाताई, मी लेबर रूमला काम करते, पण तुमच्या डॉक्टरांचं ऐकायचं, माझं त्यानंतर. पूर्ण वेळ पडून राहिल्याने रक्तस्राव टळतो असं दिसलेलं नाही, उलट पायात गुठळ्या व्हायची भीती. घरातल्या घरात चालाफिरायला मनाई आहे का, तेवढं नेमकं विचारून घ्या. जड उचलणं आणि संबंध बंद. फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने मोठं लिहा: "वार खाली, बोटाने आतून तपासणी करू नये, ओ निगेटिव्ह." रात्रपाळीच्या नव्या डॉक्टरला फाइल चाळायला वेळ नसतो, हे मी रोज बघते.

अंगावर गेलं की थोडं-जास्त मोजत बसू नका, निघायचं. पॅड टाकून देऊ नका, दाखवायला सोबत घ्या. गाडी नसेल तर १०८. प्रत्येक स्रावानंतर अँटी-डीबद्दल ७२ तासांच्या आत विचारायचं, आधी घेतलेलं असलं तरी. आणि ते ९.६ हिमोग्लोबिन वाढवा. लोहाची गोळी चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर घ्या. गोळीने भागत नसेल तर शिरेतून लोह देतात, तोही विषय काढा.

निगेटिव्हवाला
बायकोच्या वेळी मी रक्ताच्या बाजूने धावलो होतो, तेवढंच सांगतो. निगेटिव्ह गट आपल्याकडे शंभरात पाचेक जणांचा, त्यात तुम्हाला ओ निगेटिव्हच चालणार. नवऱ्याला आजच रक्तपेढीत पाठवा, साठा कसा असतो ते विचारू दे. दोन-तीन दाते फोनवर तयार ठेवा आणि त्यांनी एवढ्यात रक्तदान केलेलं नाही ना, ते बघा. आमचा एक दाता नेमका आदल्याच आठवड्यात शिबिरात रक्त देऊन आला होता, वर सर्टिफिकेटचा फोटो स्टेटसला! शिफ्टचं म्हणाल तर एचआरला डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा. लाजून काय मिळणार?

रेवा_कोथरूड
सगळ्यांना उत्तर देते. आईला फोन केला. आधी रडली, मग म्हणाली, "रंग काय, वाळतोच आहे अजून," आणि लगेच विचारलं की तुझ्या सासूला ओल्या काजूची उसळ चालते का. शनिवारच्या एसटीने स्वारगेटला येतेय. नवऱ्याने दिवसपाळीचा अर्ज टाकलाय, दाते शोधतोय.

अनघाताई, एक राहिलं. ३२व्या आठवड्यात आतून सोनोग्राफी करू, असं डॉक्टर म्हणाल्यात. तुम्ही तर म्हणता आतून तपासणी नको. मग ती कशी चालते?

स्टाफनर्स_अनघा
ती चालते. धोका बोटाने तपासण्यात आहे, कारण बोट तोंडातून थेट वारेला लागू शकतं. सोनोग्राफीची कांडी तोंडापर्यंत जात नाही, अलीकडेच थांबते आणि पोटावरून दिसतं त्यापेक्षा अंतर नेमकं दाखवते. वारेची कड तोंडापासून दोन सेंटिमीटरपेक्षा लांब गेली असेल तर नॉर्मलचाही विचार होतो. तोंडावरच असेल तर बहुतेक ३६-३७ आठवड्यांच्या सुमाराला तारीख ठरवून सिझर. त्या दिवशी येताना दात्यांचे नंबर कागदावर लिहून आणा, मोबाइल ऐन वेळी कुणाच्या खिशात असेल सांगता येत नाही.