लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताविषयी

सदनिका २०४: काका, आपण काल ग्रुपवर पाठवलेला, फ्रेंच संगीतकार रावेल यांचा डाव्या हाताचा पियानो कॉन्चेर्तो (एकल वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) मी दोनदा ऐकला. एकाच हातातून एवढा भरीव नाद उठतो, यावर अजून विश्वास बसत नाही. मात्र पियानोवादक लिऑन फ्लायशर यांना दोन्ही हात होते, मग त्यांनी वर्षानुवर्षे डाव्या हाताच्याच रचना का वाजवल्या?

सदनिका ५०१: ताई, तो कॉन्चेर्तो मुळात व्हिएन्नाचे पियानोवादक पॉल विट्गेनश्टाइन यांच्यासाठी लिहिला गेला, कारण पहिल्या महायुद्धात त्यांनी उजवा हात गमावला होता. फ्लायशर यांचे दुःख निराळे होते. ते १९२८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे जन्मले. एरवी लहान मुलांना न शिकवणारे नामवंत पियानोवादक आर्टुर श्नाबेल यांनी नऊ वर्षांच्या या मुलाला शिष्य करून घेतले, तेही जाहीर मैफली बंद ठेवण्याच्या अटीवर. पुढे १९४४ मध्ये, सोळाव्या वर्षी, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसोबत ब्राम्सचा पहिला कॉन्चेर्तो आणि १९५२ मध्ये ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ स्पर्धेत पहिला क्रमांक. जॉर्ज सेल यांच्या क्लीव्हलँड ऑर्केस्ट्रासोबत त्यांनी बीथोवनचे पाचही आणि ब्राम्सचे दोन्ही कॉन्चेर्तो ध्वनिमुद्रित केले. १९६५ मध्ये याच वाद्यवृंदाबरोबर सोव्हिएत संघाचा दौरा ठरला होता. त्याच्या तोंडावर त्यांच्या उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी मनाविरुद्ध तळहाताकडे वळू लागली आणि दौरा सोडावा लागला.

पियानोवर मुख्य धून बहुधा सर्वांत वरच्या स्वरांत असते, आणि ते स्वर याच दोन बोटांच्या वाट्याला येतात. त्यामुळे बाकीची तीन बोटे धडधाकट असूनही दोन हातांचे वादन थांबले.

सदनिका ३०२: मी फिजिओथेरपिस्ट असल्यामुळे थोडी भर घालते. या विकाराला फोकल डिस्टोनिया म्हणतात. दोष स्नायूंत नसून मेंदूकडून बोटांना जाणाऱ्या आज्ञांत असतो, म्हणून बहुतेकदा वेदना होत नाहीत, आणि तोच हात इतर कामे व्यवस्थित करू शकतो. एकच बारीक हालचाल हजारो वेळा करणाऱ्या वादकांमध्ये तो विशेष आढळतो. त्या काळी याची ओळख फार थोड्यांना होती.

सदनिका ५०१: अगदी खरे. त्यांनीही आरंभी उलटाच उपाय केला. हात ऐकेना म्हणून सराव कमी न करता वाढवला. नंतर अनेक वर्षे ते एका उपचाराकडून दुसऱ्याकडे जात राहिले. १९८२ मध्ये बॉल्टिमोरच्या नव्या सभागृहाच्या उद्घाटनाला ते सेझार फ्रँक यांची रचना दोन्ही हातांनी वाजवून रंगमंचावर परतले; टाळ्या कडाडल्या, पण हात बरा झालेला नाही हे त्यांना स्वतःला ठाऊक होते, आणि ते पुन्हा डाव्या हाताकडे वळले.

सदनिका १०३: वाचून मन खिन्न झाले. ऐन भरात असलेल्या कलावंताची तीस वर्षे वाया गेली, असेच म्हणावे लागेल.

सदनिका ५०१: दादा, इथे मी आपल्याशी सहमत नाही. हात गेला, मग चमत्कार झाला आणि हात परत आला, अशी ही कथा सांगण्याची रीत पडली आहे. तीत मधली तीन दशके प्रतीक्षागृहासारखी दिसतात. त्यांना खोल नैराश्य आले होते, हे त्यांनी स्वतः मोकळेपणाने सांगितले आहे, आणि ते मी नाकारत नाही. परंतु याच काळात त्यांनी वाद्यवृंदांचे संचालन केले आणि बॉल्टिमोरच्या पीबॉडी या संगीत संस्थेत वादकांच्या पिढ्या घडवल्या. आंद्रे वॉट्स आणि जोनाथन बिस हे त्यांचेच शिष्य. पूर्वी ते शिष्याला बाजूला सारून स्वतः वाजवून दाखवत. हात गेल्यावर एखादा स्वर पुढच्या स्वराकडे कसा झुकतो, हे त्यांना शब्दांतून उलगडावे लागले. मला तर त्यांच्या कारकिर्दीचा हाच भाग सर्वांत समृद्ध वाटतो.

सदनिका २०४: मग हात अखेर बरा झाला की नाही?

सदनिका ५०१: पूर्ण बरा कधीच झाला नाही. नव्वदच्या दशकात स्नायू सैल करणारी बोटॉक्सची इंजेक्शने आणि खोल मालिशीचा एक प्रकार यांमुळे वळणारी बोटे सैल पडली आणि दोन हातांचे वादन शक्य झाले, पण इंजेक्शने पुढेही घ्यावी लागली. २००४ मध्ये त्यांची दोन्ही हातांच्या वादनाची ध्वनिमुद्रिका निघाली आणि तिचा मोठा गाजावाजा झाला.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बर्लिन येथे आणखी एक गोष्ट घडली. विट्गेनश्टाइन यांच्यासाठी जर्मन संगीतकार हिंडेमिट यांनी १९२३ मध्ये डाव्या हाताची एक रचना लिहिली होती. विट्गेनश्टाइन यांना ती रुचली नाही. त्यांनी ती वाजवली नाही आणि इतर कुणाला वाजवूही दिली नाही. त्यांच्या पत्नीच्या निधनानंतर ती कागदपत्रांत सापडली. तिचे पहिले जाहीर वादन, सायमन रॅटल यांच्या संचालनाखाली बर्लिन फिलहार्मोनिकसोबत, शहात्तर वर्षांच्या फ्लायशर यांनी केले. उजवा हात परत मिळाला होता, तरी तो बाजूला ठेवून त्यांनी ती डाव्या हाताने वाजवली. पुढे त्यांनी ती ध्वनिमुद्रितही केली. आज रात्री ग्रुपवर पाठवतो.