ऑप्टिक्स लॅबमधली इंटर्नशिप: एकच आरसा किती वेळा मोजायचा?

किरणवेडा:
एमएस्सी फिजिक्सला आहे. अवकाश उपकरणांच्या ऑप्टिक्स लॅबमध्ये इंटर्नशिप लागली. वाटलं होतं दुर्बिणीचं डिझाइन शिकेन. इथे एक छोटा आरसा इंटरफेरोमीटरसमोर (प्रकाशलहरींनी पृष्ठभाग मोजणारं यंत्र) लावतो, फ्रिंजेस म्हणजे त्यात दिसणारे उजेड-अंधाराचे पट्टे बघतो, आकडे वहीत उतरवतो, पुन्हा लावतो. गाइड मोजकंच बोलतात. काल म्हणाले, "नव्वद अंशांत फिरवून परत मोज," आणि गेले. कोणी असं काम केलंय का? यात शिकायचं काय असतं?

तिरपा_आरसा:
मी केलंय. त्यांनी कामाचंच सांगितलंय रे! फ्रिंज वाकडी दिसली की आपण आरशाला दोष देऊन मोकळे होतो. पण खोट यंत्रातल्या तुलनेसाठीच्या संदर्भ-भिंगात असेल, आरसा धरणाऱ्या माउंटमध्ये असेल, मधल्या हवेतही असेल. आरसा फिरवल्यावर दोष बरोबर फिरला तर आरशाचा, जागीच राहिला तर सेटअपचा. फक्त माउंटसकट फिरवू नकोस, नाहीतर माउंटचा दोष आरशाच्या नावावर जाईल.

माप किती बारीक आहे बघ. हेलियम-निऑन लेसरची तरंगलांबी 632.8 नॅनोमीटर. प्रकाश जाऊन परत येतो, म्हणून एका फ्रिंजचा फरक म्हणजे पृष्ठभागात साधारण 316 नॅनोमीटरचा चढउतार. टेबल हवेच्या पायांवर तरंगत असूनही कोणी दार ढकललं की आमच्या फ्रिंजेस थरथरायच्या. एसीचा झोत, शेजारी उभ्या माणसाच्या अंगाची ऊब, सगळं दिसतं. मी सगळे जेवायला गेले की रीडिंग घ्यायचे.

माउंटचे स्क्रूही बघ. आरसा तीन ठिकाणी धरलेला असेल आणि स्क्रू जास्त आवळले, तर फ्रिंजेसवरून काढलेल्या चढउतारांच्या नकाशात तीन पाकळ्यांचा दोष उमटतो. जरा सैल केले की गायब!

आणि सफाईला लावलं तर कुरकुर करू नकोस. निर्वातात गोंद आणि प्लास्टिकमधून निघणारी वाफ गार आरशावर बसते आणि अतिनील प्रकाश गिळते. आदित्य-एल1 यानावरची सूट (SUIT) दुर्बीण 200 ते 400 नॅनोमीटरमध्येच, म्हणजे अतिनीलमध्येच सूर्य बघते. तिथे असला थर परवडत नाही.

काठावरचा:
वरच्या युक्तीत एक मेख आहे. दोष सगळीकडून सारखा गोल असेल तर आरसा कितीही फिरवा, नकाशा तोच. हबल अवकाश दुर्बिणीचा दोष असाच होता. 2.4 मीटरच्या आरशाची कड सुमारे 2.2 मायक्रॉन जास्त सपाट घासली गेली, कारण नल करेक्टर या आरशाचा आकार तपासायच्या उपकरणातलं एक भिंग 1.3 मिलिमीटर सरकलेलं होतं. दुसऱ्या उपकरणांनी खोट दाखवली होती, पण ती कमी अचूक म्हणून बाजूला ठेवली. 1990 मध्ये दुर्बीण वर गेली आणि 1993 च्या डिसेंबरमध्ये अंतराळवीरांनी जाऊन दुरुस्ती केली. म्हणून मोजायची दुसरी, वेगळी पद्धतही हवी.

किरणवेडा:
फिरवून मोजलं. थोडा दोष फिरला, थोडा जागीच आहे. म्हणजे दोन्हीकडे खोट?

तिरपा_आरसा:
बहुतेक. आता 0, 90, 180, 270 अंशांना मोज आणि चारही नकाशांची सरासरी काढ. आरशाबरोबर फिरणारा भाग बराचसा उडेल. उरेल त्यात सेटअपची खोट असेल, शिवाय काठावरचा म्हणतात तो गोल दोषही, म्हणून सगळं सेटअपच्या माथी मारू नकोस. दर वेळी स्क्रू किती आवळला तेही वहीत लिही, गाइड पहिलं तेच विचारतील.