मदत हवी आहे: फॅमिलीसाठी एसयूव्ही, दसऱ्याच्या आत घ्यायचीय

लाल_माती: दोन महिने नुसते व्हिडिओ बघतोय, डोकं भणभणलंय. रोज कांदिवली ते अंधेरी ऑफिस आणि गणपती, शिमगा, मे महिना असं धरून वर्षातून चार-पाच वेळा गाव. क्रेटा डिझेल की ग्रँड विटारा हायब्रिड? शोरूमवाला उद्या टोकन टाका म्हणतोय, प्लीज आजच सांगा.

डिझेलगडी: डिझेल, विषय संपला. कशेडीला बोगदा झाला तरी गावाकडचे चढ तेच आहेत, भरल्या गाडीला टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद लागते.

घाटकोपरी: माणसं किती? बजेट? पार्किंग? काहीच लिहिलं नाहीस.

लाल_माती: सहा. आम्ही दोघं, दोन पोरं, आई-बाबा. ऑनरोड १८ पर्यंत. गाव देवरुखच्या पुढे, शेवटचे दोन किमी मातीचा रस्ता, पावसात चाकोऱ्या पडतात.

घाटकोपरी: अरे सहा माणसं पाच सीटांत कशी बसवणार? दोन्ही गाड्या इथेच बाद. अर्टिगा नाहीतर कॅरेन्स बघ. आणि डिझेलचं माझ्याकडून ऐक, माझी बीएस ६ डिझेल रोज फक्त स्टेशनपर्यंत जाते, डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, त्यातली काजळी जळायला गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग पळावी लागते, सिग्नलच्या गर्दीत ती जळत नाही, मग डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागला की रात्री पनवेलपर्यंत मारून आणतो.

डिझेलगडी: माझे ७० हजार किमी झाले, एकदाही दिवा नाही. आणि अर्टिगा एसयूव्ही नाहीच. स्कॉर्पिओ एन घे.

मांडवीने_जाणारा: गणपतीला गाडी नेताच कशाला? रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, सकाळी ८ ला बसायचं.

लाल_माती: दादा, ट्रेन नकोय. संगमेश्वरला उतरून सामानासकट रिक्षा, आईला नाही झेपत.

मालवणी_वाटण: आईला झेपत नाही तर आधी तेच बघा ना. माझ्या आईचे गुडघे गेलेत. आम्ही भाड्याने उंच गाडी केली, ती आतलं हँडल घट्ट धरून उभी, पाय फूटबोर्डापर्यंत उचलेना, शेवटी न्हाणीघरातलं प्लास्टिकचं स्टूल डिकीत टाकून गाव गाठलं. टोकनआधी आईला शोरूमला न्या, मधल्या सीटवर दोन-तीनदा चढ-उतर करू दे. तिसरी सीट उघडली की डिकीत बॅगा मावत नाहीत, टपावर कॅरियर लागेल.

घाटकोपरी: पार्किंगचं अजून सांगितलं नाहीस.

लाल_माती: स्टॅक, म्हणजे एकावर एक गाड्या, आपला खालचा. आत्ता टेप घेऊन उंची मोजून आलो, १७५ सेंमी. स्कॉर्पिओ एन १८५७ मिमी, आत जाणारच नाही. अर्टिगा १६९०, जाते.

मालवणी_वाटण: कॅरियर लावून नाही जाणार हो. काढता येतो तसलाच घ्या.

लाल_माती: हे डोक्यातच नव्हतं. टोकन थांबवलंय, रविवारी आईला घेऊन जातो. कॅरेन्सची उंची कोणाला माहितीय?