एचआयव्ही कळल्यावर दाढ काढायला नकार. पुढच्या डॉक्टरांना सांगावं की नको?

मंडळी, मदत हवी आहे.

माझे मामा २०१३ पासून एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्यांवर आहेत. औषधं सीपीआरमधून (कोल्हापूरचा सरकारी दवाखाना), फुकट. आधीच्या गोळ्यांनी रात्रभर चित्रविचित्र स्वप्नं पडायची. डोल्युटेग्रॅव्हिरवाली एक गोळी सुरू झाली आणि ती कटकट गेली. परवाच्या रिपोर्टात व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) 'आढळला नाही' असा आहे.

आता दाढ किडलीय. गाल सुजलाय आणि चार दिवस नुसत्या पांढऱ्या रश्श्यावर आहेत. (आमच्याकडं माणसानं मटणाची फोड बाजूला सारली म्हणजे दुखणं खरं.) शहरातल्या एका दवाखान्यात गेलो. एक्स-रे काढला, खुर्चीवर बसवलं. फॉर्मवरच्या 'चालू औषधे' या रकान्यात मामांनी सगळं खरं लिहिलं. डॉक्टर तो कागद घेऊन आत गेले ते बाहेर आलेच नाहीत. कंपाउंडर येऊन म्हणाला, "मशीन बंद पडलंय, सीपीआरला जावा." शेजारच्या खुर्चीवर मशीन चालू होतं.

रिक्षात मामा एवढंच बोलले, "पुढच्या ठिकाणी लिहू नगंस, बाळ."

खरंच लपवावं का? आणि तक्रार कुठं करतात?

प्रतिसाद

ताई, आधी दाढेचं बघा. सूज वाढली, ताप आला किंवा तोंड उघडेना झालं तर आजच सरकारी दवाखाना गाठा. एआरटी केंद्रातल्या समुपदेशकांकडून चिठ्ठी घेतलीत तर सोपं जाईल.

आजार सांगायची कायद्यानं सक्ती नाही. पण गोळ्यांची नावं सांगाच. दाढ काढल्यावर वेदनाशामकाबरोबर अ‍ॅसिडिटीचं औषध हमखास देतात. त्यातलं अँटासिड डोल्युटेग्रॅव्हिरबरोबर घेतलं तर गोळी अंगी लागत नाही; गोळी अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची. मामांच्या गोळीत टेनोफोव्हिर हे औषध असेल तर डायक्लोफेनॅक हे वेदनाशामकही मनानं चालू ठेवू नका, किडनीवर ताण येतो.

डॉक्टरांच्या भीतीला काही अर्थ नाही. हातमोजे, निर्जंतुक हत्यारं प्रत्येकच पेशंटला लागतात. चुकून सुई टोचलीच तर लागण टाळायला ७२ तासांच्या आत सुरू करायचा २८ दिवसांचा गोळ्यांचा कोर्स असतो.

एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा, लागू झाला १० सप्टेंबर २०१८ ला. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारायला त्यात बंदी आहे, खासगी दवाखान्यालाही. तक्रार याच कायद्याखाली नेमलेल्या राज्याच्या लोकपालाकडं. १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करा, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

धागाकर्ती

आभार. चिठ्ठी मिळाली, उद्या सकाळी जातोय. गोळ्यांची नावं मी वेगळ्या कागदावर लिहून घेतलीत. तक्रारीला मामा अजून तयार नाहीत. म्हणतात, आधी दाढ निघू दे.