सुमो ऑलिंपिकला आहे का? आणि खरी संघटना कुठली?

कृष्णाकाठचा मामा: भाचा कुंडलजवळच्या तालमीत आहे, वय 19, वजन 118 किलो. मॅटवर उंच पोरांपुढं मार खातोय. परवा एकजण वस्तादांकडं आला, म्हणला ह्याला सुमोत, म्हणजे त्या जपानी कुस्तीत घाला, वर्ल्डला पाठवतो, ऑलिंपिकला पण आहे, फक्त आधी पैसे भरा. घरात बहीण दागिने मोडायच्या गोष्टी करतीय. कुणाला खरं माहिती असंल तर सांगा.

औंधकर: दादा, पैसे देऊ नका अजून. ऑलिंपिकला सुमो नाही. हौशी सुमोची जागतिक संघटना म्हणजे इंटरनॅशनल सुमो फेडरेशन, 1992 ची, ऑफिस टोकियोत. ऑलिंपिक कमिटीनं तिला 2018 ला पूर्ण मान्यता दिली, पण मान्यता म्हणजे मैदानाच्या पत्रिकेत नाव आल्यासारखं, प्रत्यक्ष कुस्ती लागणं वेगळं. वर्ल्ड गेम्समधी मात्र सुमो खेळलाय. आणि टीव्हीवरचे ते अवाढव्य जपानी पैलवान धंदेवाईक, त्यांची संघटना निराळी, तिथं वजनगटच नाहीत आणि बायकांना बंदी. हौशीत गट आहेत, आणि पोरींची वर्ल्ड चॅम्पियनशिप 2001 पासून होतीय, हे मला लई भारी वाटतं.

तालमीतला: मी एकदा सराव करून बघितलाय म्हणून सांगतो. रिंगण साडेचार मीटरचं, तळपाय सोडून काहीही जमिनीला टेकलं की हरलास. आपण सवयीनं पट काढायला, म्हणजे पाय धरायला खाली गेलो, गुडघा टेकला, संपली कुस्ती, तीन सेकंदात! चित करायची वेळच येत नाही. पण लंगोटाला हात घालायची सवय मातीतल्या पोराला असते, ती तिथं कामाला येते, मॅटवर कपडा धरला की फाउल. 115 किलोच्या वर हेवी गट आहे, भाच्याचं वजन त्यातच बसतंय, घटवायचं काम नाही.

औंधकर: अजून एक, त्या माणसाला सरळ विचारा की तुमची संघटना जागतिक फेडरेशनच्या सदस्य यादीत आहे का, पत्र दाखवा. वरची संघटना रुसली की पोराचंच मरण. 2023 ला आपल्या कुस्ती महासंघाला कुस्तीच्या जागतिक संघटनेनं निलंबित केलं तेव्हा वर्ल्डला पोरं तिरंग्याशिवाय उतरली, विसरलो नाही आपण.

कृष्णाकाठचा मामा: वस्तादांना आत्ताच फोन केला. पत्र आल्याशिवाय दमडी द्यायची नाही म्हणले. भाचा मात्र तालमीच्या मातीत फक्कीनं गोल आखून बसलाय सकाळपासनं, गुडघा न टेकता ढाकेचा डाव मारायचा बघतोय.